हे अक्षर कोणाचं? पंधराव्या शतकातल्या इटालियन लेखनिकाचा हात ओळखायला शिकताना

पुण्यात मोडीचा क्लास करत होतो तेव्हा सरांनी एकदा दोन कागद पुढे टाकले आणि विचारलं, हे एकाच कारकुनाचे आहेत का? वर्गातल्या सगळ्यांनी छातीठोकपणे हो सांगितलं, कारण दोन्हीकडे तेच चिटणिशी वळण, तोच फर्राटा. दोन वेगळे कारकून निघाले. सर एवढंच म्हणाले की तुम्ही वळण ओळखलंत, हात नाही ओळखलात.

हे मी विसरूनही गेलो होतो. मग लॉकडाऊनमध्ये व्हॅटिकनच्या डिजिटल लायब्ररीत चाळत बसायची सवय लागली आणि तिथे बार्तोलोमेओ सानव्हितो नावाचा माणूस भेटला. पादुआचा, जन्म १४३३, मृत्यू १५११, धंदा पुस्तकं हाताने लिहून द्यायचा. त्याची पानं एकदा बघितली की दुसरीकडे डोळा जात नाही, शीर्षकाची प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात, एक सोन्याची, एक निळी, मग हिरवी, जांभळी, आणि खाली बारीक तिरपं अक्षर, जणू सगळं एका दमात लिहिलंय. तेव्हापासून या नादात आहे. ही गाईड मी काही प्रोफेसर म्हणून लिहीत नाहीये, मी जिथे जिथे आपटलो तिथे तुम्ही आपटू नये एवढाच हेतू. मोडी येत असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही.

काय काय लागेल

मोठी स्क्रीन लागेलच, फोनवर हे काम होत नाही, करून पाहिलंय. बाकी गोष्टी बऱ्याचशा फुकट:

- ऑनलाइन पोथ्या: व्हॅटिकनची डिजिटल लायब्ररी, स्वित्झर्लंडची ई-कोडिसेस, ऑक्सफर्डची बोडलियन, पॅरिसची गॅलिका, फ्लॉरेन्सची लॉरेन्शियन. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या पोथ्या बराच काळ ऑनलाइन दिसत नव्हत्या, त्यामुळे जुन्या लेखांमधल्या लिंका चालल्या नाहीत तर तुमच्या नेटला दोष देऊ नका.
- मिराडोर नावाचा व्ह्यूअर. वेगवेगळ्या लायब्ररीतली दोन पानं एकाच खिडकीत शेजारी शेजारी लावता येतात, त्यासाठी त्या लायब्ररीने आयआयआयएफची (एका साइटवरचे फोटो दुसरीकडे उघडता यावेत म्हणून ठरवलेल्या सामायिक पद्धतीची) लिंक दिलेली असली पाहिजे.
- स्क्रीनचा तुकडा कापायचं कुठलंही टूल आणि एक साधी एक्सेल शीट.
- आद्रियानो कॅपेलीचा लॅटिन संक्षेपांचा कोश. १८९९ सालचा आहे पण अजून याला पर्याय नाही, आणि ऑनलाइन मिळतो.
- ज्या ग्रंथाची पोथी बघताय त्याची छापील प्रत. व्हर्जिल, सिसेरो, पेत्रार्क असं काहीतरी सहज मिळणारं निवडा.

लॅटिन आलंच पाहिजे का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. अस्खलित नको, पण कुठला शब्द लिहिलाय हे कळलं नाही तर त्यातलं कुठलं अक्षर कुठलं हे कसं कळणार? म्हणून तर छापील प्रत शेजारी ठेवायची आणि बोट ठेवून ओळ ओळ वाचायची, पहिल्या पानाला दोन तास लागतील, दहाव्याला वीस मिनिटं.

आणि हो, मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे दान्तेची जुनी पोथी आहे, एल्फिन्स्टनने दिलेली, मुसोलिनीने म्हणे त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते अशी गोष्ट सांगतात. ती चौदाव्या शतकातली मानतात, म्हणजे आपल्या विषयाच्या आधीची. जाऊन हाताळता येईल या आशेवर राहू नका, सुरुवात स्क्रीनवरच करा.

१. आधी वळण ओळखा, माणूस नंतर

नवखा माणूस इथेच घाई करतो. दोन पानं सारखी दिसली की लगेच एकच लेखनिक! पण सारखेपणाचा मोठा भाग त्या काळाचा आणि त्या गावाचा असतो, त्या माणसाचा नसतो. म्हणून समोरचं पान कुठल्या जातीचं आहे ते आधी ठरवायचं.

ढोबळ मानाने तीन जाती लक्षात ठेवा. पहिली गॉथिक, दाट, काळी, टोकदार, शेजारशेजारची गोल अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली, आणि डी ची पाठ डावीकडे वाकलेली. दुसरी मानवतावाद्यांची, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या नादी लागलेल्या त्या काळच्या विद्वानांची ग्रंथलिपी, जी १४०० नंतर लगेच फ्लॉरेन्समध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी आणि त्याच्या वर्तुळात तयार झाली. यांना गॉथिकचा कंटाळा आला होता, त्यांना प्राचीन रोमन लोकांसारखं लिहायचं होतं, पण गंमत अशी की ज्या जुन्या पोथ्यांना ते प्राचीन समजले त्या नवव्या ते बाराव्या शतकातल्या होत्या. उभी, मोकळी अक्षरं, डी चा दांडा सरळ, ए दोन मजली, एफ आणि लांब एस (एफसारखा दिसणारा जुना एस) ओळीवर उभे. आज तुम्ही पुस्तकात जे रोमन टाइप वाचता त्याची ही आजी. तिसरी तिरकी लिपी, १४२० च्या दशकात पोज्जोचाच मित्र निक्कोलो निक्कोली वापरायला लागला ती. ए एक मजली, एफ आणि एस ओळीच्या खाली उतरलेले, सगळं उजवीकडे कललेलं, लिहायला पटापट. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने याच वळणाच्या टाइपात व्हर्जिल छापला आणि तिथून आपल्या कॉम्प्युटरवरचं इटॅलिक आलं.

एकाच लेखनिकाला दुसरी आणि तिसरी दोन्ही यायच्या, हे नीट लक्षात घ्या. सानव्हितो दोन्ही लिहायचा. तुमच्याकडे त्याचं एक उभं आणि एक तिरकं पान असेल आणि तुम्ही म्हणालात की हे वेगळे दिसतात म्हणून दोन माणसं, तर ते चुकलंच. तिरक्याची तुलना तिरक्याशी आणि उभ्याची उभ्याशी.

२. एकच माणूस धरा

पहिल्याच महिन्यात मी सात लेखनिकांचे फोल्डर केले होते, कुणाचंच काही धड कळलं नाही. एक निवडा आणि सहा महिने त्याच्याशी संसार करा. नवख्यांना मी सानव्हितो सुचवतो, कारण त्याच्या शंभराहून जास्त पोथ्या आज ओळखल्या गेल्यात, बऱ्याच ऑनलाइन आहेत, आणि त्याच्यावर आधी खूप काम झालंय त्यामुळे तुमचं उत्तर तपासून बघता येतं. ज्याला वारंवार सही करणारा माणूस हवा असेल त्याने फ्लॉरेन्सचा अंतोनिओ दी मारिओ घ्यावा किंवा अंतोनिओ सिनिबाल्दी, दोघांनी आपली नावं भरपूर टाकलीयेत.

सिनिबाल्दीबद्दल एक सांगायचा मोह होतोच. फ्लॉरेन्समध्ये घरटी कर भरायचा असायचा आणि प्रत्येकाने आपली मिळकत लिहून द्यायची. १४८० च्या त्याच्या कबुलीत तो लिहितो की छपाई आल्यापासून माझा धंदा इतका बसलाय की अंगावरचे कपडेसुद्धा जेमतेम निघतात. करखात्यापुढे रडगाणं गायची रीत तेव्हाही होती हे धरून चालू, पण लॉरेन्झो दे मेदिचीसाठी लिहिणारा माणूस हे म्हणतोय. आणि आपल्या कामाच्या दृष्टीने बघा, असले कर, करार, नोटरीचे कागद म्हणजे नाव आणि अक्षर एकाच ठिकाणी असलेला पुरावा. त्या काळचे कितीतरी लेखनिक मुळात नोटरी होते.

३. खुंटा ठोका

खुंटा म्हणजे असं पान ज्याबद्दल वादच नाही. तिथे त्याचं नाव आहे, किंवा दुसऱ्या कागदाने ते सिद्ध झालंय. बाकी सगळी तुलना या खुंट्याला बांधायची. बिनखुंट्याचं काम कसं होतं सांगतो: तुम्ही ‘अ’ पोथी सानव्हितोची धरता कारण ती ‘ब’ सारखी दिसते, ‘ब’ धरता कारण ती ‘क’ सारखी, आणि ‘क’ कोणाची तर कोणालाच माहीत नाही.

सानव्हितोची गंमत अशी की हा गडी पूर्ण नावाने सही करायच्या भानगडीत सहसा पडायचा नाही. १९०७ साली त्याची रोजनिशी छापून आली, म्हातारपणी १५०५ पासून मरेपर्यंत ठेवलेली, पैसे दिले घेतले, पुस्तक कोणाला वाचायला दिलं, अशा नोंदींची, तेव्हा त्या लेखाच्या शीर्षकात त्याला ‘एक अनोळखी पादुआकर’ म्हटलं होतं. युरोपभरच्या लायब्रऱ्यांमध्ये ज्याची पुस्तकं काचेच्या कपाटात होती तो माणूस अनोळखी! ही सुटी टोकं जुळत गेली ती पुढच्या पन्नासेक वर्षांत. पादुआजवळच्या मोन्सेलिचे गावात सांता जुस्तिना चर्चमध्ये तो पदावर होता, त्या चर्चला त्याने १५०९ मध्ये स्वतः लिहिलेली दोन पुस्तकं भेट दिली, ती पुस्तकं म्हणजे खुंटा. जेम्स वॉर्ड्रॉपने या हाताबद्दल सविस्तर लिहिलं ते १९६३ मध्ये छापलं गेलं, आणि मग अल्बिनिया दे ला मारे या बाईंनी उभं आयुष्य घालून एकेक पोथी तपासून यादी वाढवत नेली. बोडलियनमध्ये काम केलेल्या या बाई अक्षर बघून लेखनिक ओळखायच्या, आपण पाकिटावरचं अक्षर बघून मामाचं पत्र ओळखायचो ना, तसंच.

तुमच्यासाठी सरावाचे तीन खुंटे सांगतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला पेत्रार्क, १४६० च्या दशकातला, म्हणजे हात तरुण. व्हॅटिकनमधला इलियड, ग्रीक पोथ्यांमध्ये क्रमांक १६२६, कार्डिनल फ्रान्चेस्को गोन्झागासाठी १४७७ च्या सुमारास केलेला. आणि ब्रिटिश लायब्ररीतला युसेबियसचा इतिहासग्रंथ, क्रमांक रॉयल १४ सी ३, व्हेनिसचा सरदार बेर्नार्दो बेंबो याच्यासाठी १४८० च्या दशकात लिहिलेला. इलियडमध्ये एक छान सापळा आहे, समोरासमोर ग्रीक आणि लॅटिन आहे, त्यातलं ग्रीक सानव्हितोचं नाही, ते जॉन ऱ्होसोस नावाच्या क्रीटच्या लेखनिकाचं. मी पहिल्या दिवशी ग्रीक पानांचे तुकडे कापून सानव्हितोच्या फोल्डरमध्ये टाकले होते. हसा.

४. अक्षरांचा तक्ता

आता खरी हमाली. खुंट्याच्या पोथीतून प्रत्येक अक्षराचे निदान दहा दहा तुकडे कापा. एक तुकडा म्हणजे काहीच नाही, आपणच एका चिठ्ठीत ‘ल’ दोन तऱ्हेने काढतो. सुरुवातीच्या पानांवरून, मधल्या आणि शेवटच्या पानांवरून घ्या, कारण पहिलं पान सगळेच जीव ओतून लिहितात, लग्नाच्या पत्रिकेवरचा पत्ता लिहावा तसं. खरा हात चाळिसाव्या पानाच्या खालच्या ओळींमध्ये असतो.

सगळी अक्षरं सारखी कामाची नसतात. आय, एन, एम, यू यात माणूस लपून जातो. जी मात्र चुगलीखोर अक्षर आहे, खालचं पोट बंद की उघडं, मान किती लांब, उजवीकडचं कानासारखं टोक वर की आडवं. मग ‘अँड’चं चिन्ह, सीटी आणि एसटी ही जोडाक्षरं, एक्सची खाली डावीकडे जाणारी शेपटी, क्यूची यू च्या खालून जाणारी शेपटी, वायवर टिंब आहे का, ओळीच्या शेवटी एस लांब की गोल. मोठ्या अक्षरांचा तक्ता वेगळा करा. पादुआ आणि व्हेरोनाच्या बाजूला १४५० नंतर रोमन शिलालेखांवरून मोठी अक्षरं काढायचं वेडच लागलं होतं, सानव्हितो त्यात मुरलेला, त्याने शिलालेखांचे संग्रहसुद्धा नकलून दिले, त्यामुळे त्याच्याबाबतीत एम, आर, क्यू, जी यांची मोठी रूपं बारीक बघायची.

आकार बघून थांबू नका. लेखणी कुठे टेकली, कुठे वळली, कुठे उचलली हे शोधा, शाई जिथे दाट साचते तिथे लेखणी थांबलेली असते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतः लिहून बघणं. पिसाची लेखणी कुठून आणणार, बोरू घ्या, तिरका कट द्या आणि तेच अक्षर पन्नास वेळा घोटा. लहानपणी कित्ता गिरवलाय तसाच. हाताला कळलं की डोळ्याला आपोआप दिसतं. मला त्या जी चा क्रम दोन महिने स्क्रीनवर कळला नव्हता, बोरूने एका संध्याकाळी कळला.

मोजमाप पण करा पण त्याच्या आहारी जाऊ नका. वरच्या दांड्याची उंची आणि मधल्या शरीराची उंची यांचं प्रमाण काढा, तिरपेपणाचा कोन वीस दांड्यांवर मोजून सरासरी घ्या. मिलिमीटर सरळ फोटोवरून काढू नका, फोटोची साइज फसवी असते, बाजूला पट्टी ठेवलेली असेल किंवा कॅटलॉगमध्ये पानाचं माप असेल तरच. आणि दोन लायब्रऱ्यांच्या फोटोंवरून शाईचा रंग तर अजिबात जुळवू नका, कॅमेरा वेगळा, दिवे वेगळे.

५. सवयी टिपा, सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

अक्षराचा आकार शिकता येतो, शिकवता येतो, नक्कल करता येते. एका गुरूचे चार शिष्य सारखंच लिहितात. पण न कळत केलेल्या बारीक गोष्टी कोणी शिकवत नाही आणि कोणी नक्कलही करत नाही, कारण त्याकडे कोणाचं लक्षच नसतं. माझं तर आता असं मत झालंय की जी आणि एक्स बघून फक्त संशय घ्यावा, निकाल सवयींवर द्यावा.

ओळ संपत आली आणि शब्द मावत नाहीये, हा माणूस काय करतो? तोडतो? मग तोडल्याची खूण एका रेघेची की दोन, आडवी की तिरकी, आणि ती समासाच्या रेघेच्या आत की बाहेर? की शब्द आखडतो, वर रेघ मारून एम गाळतो? आणि उलट ओळ लवकर संपली तर शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवून जागा भरतो का? हे पन्नास ओळींमध्ये मोजा आणि शीटमध्ये आकडे टाका.

चूक झाली की काय करतो ते बघा. कोणी चाकूने खरवडून वर लिहितो, कोणी चुकीच्या अक्षराखाली टिंबं देतो, कोणी सरळ काट मारतो. सुटलेला शब्द समासात आणताना कुठली खूण वापरतो? मोडीत आपण हंसपद देतो तसं यांचंही काही ना काही असतं आणि ते माणसागणिक बदलतं.

मग स्पेलिंग. ‘मला’ या अर्थाचा लॅटिन शब्द मिही, यात मध्ये सी घालून लिहायची मध्ययुगात पद्धत होती, मानवतावाद्यांना ती अशुद्ध वाटायची, तसंच ‘काही नाही’ या अर्थाच्या निहिलचं. तुमचा लेखनिक कुठल्या बाजूचा? एई हा जोडस्वर पूर्ण लिहितो, की ई च्या खाली शेपटी काढतो, की नुसता ई लिहून मोकळा होतो? इथे एक सावधगिरी, स्पेलिंग समोरच्या मूळ प्रतीतूनही उतरू शकतं. म्हणून त्याच लेखनिकाच्या वेगळ्या ग्रंथाच्या पोथीत तीच सवय दिसली तरच ती त्याची.

विरामचिन्हंसुद्धा. प्रश्नचिन्हाचा आकार हा प्रकार इतका दुर्लक्षित आहे आणि इतका कामाचा आहे की मी हल्ली नवीन पोथी उघडली की आधी प्रश्नचिन्हं शोधतो.

६. कातडं आणि आखणी

हे झटपट सांगतो कारण ऑनलाइन यातलं अर्धंच दिसतं. पानं बहुतेक वासरा-बकऱ्याच्या कातड्याची, एक बाजू केसांची, जरा पिवळट, ठिपके दिसणारी, दुसरी मांसाची, पांढरी. समोरासमोर सारखी बाजू येईल अशी घडी घालतात, कुठे तसं नसेल तर पान गायब आहे किंवा नंतर घातलंय. मानवतावादी पोथ्यांत इटलीमध्ये दहा पानांची जुडी (एकात एक घालून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) फार दिसते, बाहेर आठ पानांची. जुडीच्या शेवटी पुढच्या जुडीचा पहिला शब्द लिहून ठेवतात, बांधणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून, तो आडवा की उभा आणि कुठे लिहिलाय ते नोंदवा. रेघा शाईने आखल्यात की टोकदार दाभणाने नुसत्या दाबल्यात तेही. हे सगळं लेखनिकाचंच असेल असं नाही, कातडं आखून तयार मिळायचं, तेव्हा याला आधार म्हणून धरा, पुरावा म्हणून नको.

७. पुष्पिकेवर आंधळा विश्वास नको

पुष्पिका म्हणजे पोथीच्या शेवटची लेखनिकाची नोंद. आपल्या संस्कृत-मराठी पोथ्यांच्या शेवटी असतं ना, यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते. जसं दिसलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला बोल लावू नका. लॅटिन पोथ्यांच्या शेवटीही लेखनिक नाव, गाव, तारीख, कोणासाठी लिहिलं असं टाकतो, कोणी वाचकाला सुखी राहा म्हणतो, आणि अंतोनिओ दी मारिओसारखा एखादा शहरातल्या ताज्या बातम्याही देतो. स्वित्झर्लंडमधल्या बूव्हरेच्या बेनेडिक्टाइन साधूंनी असल्या पुष्पिका गोळा करून १९६५ ते १९८२ मध्ये सहा जाड खंड काढलेत, नाव सापडलं की आधी तिथे बघावं.

पण ‘जसं दिसलं तसं लिहिलं’ हाच घोळ आहे. काही लेखनिक मूळ प्रतीतली पुष्पिकासुद्धा नावगावासकट उतरवतात. मग पोथी १४७० ची आणि सही १४३० मधल्या माणसाची. म्हणून पुष्पिका त्याच हाताची, त्याच शाईची आहे का, खरवडून बदललीये का, आणि त्या तारखेला असं वळण असू शकतं का, हे तिन्ही बघायचं.

तारखेचा आणखी एक खड्डा. फ्लॉरेन्समध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, व्हेनिसमध्ये १ मार्चला. म्हणजे फ्लॉरेन्सच्या पोथीत १० फेब्रुवारी १४५६ असेल तर आपल्या हिशोबाने ते १४५७. मोडीवाल्यांना हे नवीन नाही, सुहूर सन मृगाला बदलतो हे विसरून आपण किती तारखा चुकवल्यात!

८. एका पोथीत किती हात आहेत ते मोजा

आता माझी फजिती. एका लायब्ररीच्या साइटवर मला सिसेरोची पोथी सापडली, कॅटलॉगमध्ये लेखनिकाचं नाव नाही, आणि शीर्षकाच्या ओळी रंगीत, सोनेरी, निळी, हिरवी. माझा श्वासच अडकला. तीन आठवडे तक्ते केले, सगळं जुळत होतं, जे जुळत नव्हतं त्याला मी कारण शोधत होतो, इथे घाईत असेल, इथे लेखणी बोथट झाली असेल. मग लायब्ररीला लांबलचक ईमेल पाठवला. फार सभ्य उत्तर आलं, की मोठ्या अक्षरांबद्दल तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, पण तुम्ही खालच्या मजकुराचा तक्ता स्वतंत्र केला होता का?

नव्हता केला. मजकूर दुसऱ्याचा होता. सानव्हितो दुसऱ्यांनी लिहिलेल्या पोथ्यांमध्ये नुसती शीर्षकं आणि लाल-रंगीत मथळे घालून द्यायचा, हे मी वाचलेलं होतं, पण तेव्हा मला ते आठवायचंच नव्हतं.

तर शीर्षक, मजकूर, लाल मथळे, समासातल्या टिपा, दुरुस्त्या, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. मजकूर पण एकाच्या हातचा धरू नका. फ्लॉरेन्सचा पुस्तकविक्रेता व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची स्वतः सांगतो की कोझिमो दे मेदिचीच्या एका कामासाठी त्याने ४५ लेखनिक बसवले आणि २२ महिन्यांत २०० ग्रंथ पुरे केले. असल्या घाईत एकच ग्रंथ वाटून दिला जायचा. हात बदलतो तो बहुतेक वेळा नव्या जुडीच्या सुरुवातीला, म्हणून जुडीच्या सांध्यांवर आधी नजर टाका. चित्रं काढणारा तर वेगळाच माणूस, सानव्हितोबरोबर बऱ्याचदा गास्पारे दा पादोव्हा असायचा. चित्र गास्पारेचं आहे म्हणून अक्षर सानव्हितोचं, हा तर्क मोहात पाडतो पण चालत नाही.

९. वयाचा हिशोब

पन्नास वर्षांपेक्षा जास्त लिहिलं या माणसाने. तुमची शाळेतली वही आणि आजची सही शेजारी ठेवा म्हणजे मुद्दा कळेल. सानव्हितोच्या उतारवयातल्या पानांवर दांडे थरथरलेले दिसतात, पंचाहत्तरीच्या माणसाचा हात तो. म्हणून खुंटे दशकवार लावा आणि नव्या पोथीची तुलना त्याच दशकाशी करा. पोथी कोणासाठी केली ते पहिल्या पानावरच्या कुलचिन्हावरून कळलं तर दशक ठरवायला मदत होते, उदाहरणार्थ कार्डिनल गोन्झागा १४८३ मध्ये वारला. पण कुलचिन्ह खरवडून नव्या मालकाने आपलं रंगवलंय का तेही बघा, हे सर्रास चालायचं.

१०. मत कसं लिहायचं आणि कोणाला पाठवायचं

चार खाने करा: नक्की, बहुतेक, त्याच्या आसपासचा, नाही. शीटमध्ये एक रकाना ‘विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी’ असा ठेवा आणि तो जुळणाऱ्या गोष्टींच्या आधी भरा. सिसेरोच्या वेळी हा रकाना असता तर तीन आठवडे वाचले असते. शक्य असेल तर एखाद्या मित्राला नावं झाकून तुकडे दाखवा, माझी बहीण शाळेत ड्रॉइंग शिकवते, तिला लॅटिनचा ल येत नाही, पण दहा जी मधून वेगळे दोन ती माझ्याआधी काढते कारण तिला कोणीच सानव्हितो निघायला नको असतो.

लायब्ररीला लिहिणार असाल तर हे तयार ठेवा: पोथीचा पूर्ण क्रमांक, फोलिओ (म्हणजे पोथीतलं पान, दोन्ही बाजू मिळून एक) क्रमांक आणि पुढची बाजू की मागची (स्क्रीनवरचा इमेज नंबर वेगळा असतो, तो देऊ नका, सगळे इथे चुकतात), तुलनेच्या खुंट्याचा क्रमांक आणि फोलिओ, सात-आठ तुकड्यांची एक इमेज, आणि विरुद्ध जाणाऱ्या गोष्टींची यादी. ईमेल पंधरा ओळींच्या वर नको. ‘मी शोध लावला आहे’ असं लिहू नका, विचारा, आणि आधी त्या पोथीबद्दल कोणी काय छापलंय ते कॅटलॉगच्या तळाशी नीट वाचा. उत्तराला दोन महिने लागू शकतात, मध्ये आठवण एकदाच करा.

आजच्या तारखेला माझ्या ‘नाही’च्या फोल्डरमध्ये एकोणीस पोथ्या आहेत, ‘आसपासचा’मध्ये सहा, ‘बहुतेक’मध्ये एक, आणि ‘नक्की’मध्ये जे काही आहे ते सगळं दुसऱ्यांनी ओळखलेलं. ती जी एक आहे तिच्यातली प्रश्नचिन्हं मोजायचं काम चालू आहे, बावन्नपर्यंत आलोय.